रूळ वाढवला की गाडी का दमते?

समजा, तुम्ही भिलाईत राहता. संध्याकाळी सिविक सेंटरला चक्कर झाली, खेळण्यांच्या दुकानासमोर लेकाने ठाण मांडलं आणि घरी परतताना पिशवीत विजेवर चालणाऱ्या आगगाडीचा खोका आला. क्वार्टरच्या बैठकीत सतरंजी गुंडाळून तुम्ही रूळ जोडलेत. दोन सरळ बाजू, दोन अर्धवर्तुळं, झाला लंबगोल. बटण फिरवलं, गाडी सुटली. चार दिवस घर खूश. पाचव्या दिवशी मागणी आली, “बाबा, गाडी स्वयंपाकघरापर्यंत जाऊ दे ना!”

मागणी रास्त आहे. तुम्ही आणखी रूळ आणता आणि दारातून आत नेऊन फ्रिजला वळसा घालून परत आणता. आता गंमत पाहा. बैठकीत गाडी सुसाट पळते, दाराशी रेंगाळते, फ्रिजपाशी जेमतेम सरकते आणि बैठकीत परतली की पुन्हा तरतरीत. इंजिन तेच, डबे तेच, वीज देणारा डबाही तोच. फरशी सपाट, चढाचं नाव नाही. मग गाडी दमते कशाने?

इंजिनाचा यात काही दोष नाही, दमला आहे तो रूळ. रूळ म्हणजे गाडीची वाट, एवढंच आपण धरून चालतो. पण छोट्या गाडीचा रूळ एकाच वेळी चार कामं करतो. तो भार उचलतो, वाट दाखवतो, वीज पोचवतो आणि आधुनिक मांडणीत इंजिनाला निरोपही सांगतो. घरातला लेआउट, म्हणजे रुळांची सगळी मांडणी, वाढवताना आपण रुळाची लांबी वाढवतो आणि या चारांपैकी एखादं काम मागे राहून जातं. गाडी अडखळते ती तिथे. म्हणून ही चार कामं एकेक करून समजून घेऊ. त्यासाठी भिलाईइतकं योग्य गाव दुसरं नाही, कारण देशभरातल्या गाड्या ज्या रुळांवरून धावतात त्यांतले कितीतरी इथल्याच कारखान्यात घडले आहेत.

भिलाईचा रूळ घरच्या भिंतीवर

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. आज या कारखान्यात एकसंध १३० मीटर लांबीचा रूळ लाटला जातो आणि असे तुकडे एकमेकांना वितळजोड देऊन २६० मीटरची लांबी तयार होते. इतका लांब रूळ कशाला, तर जोड कमी व्हावेत म्हणून. जोड हा रुळाचा सर्वांत दुबळा भाग. तिथे चाक आपटतं, तिथेच झीज होते. हे लक्षात ठेवा, घरच्या गाडीतही जोडच आपला छळ करणार आहेत.

हाच २६० मीटरचा रूळ घरात आणायचा झाला तर? जगभर सर्वांत जास्त चालणारं छोट्या गाड्यांचं प्रमाण ‘एचओ’ या नावाने ओळखलं जातं. त्यात खऱ्या एका फुटाला साडेतीन मिलिमीटर धरतात, म्हणजे वस्तू सुमारे ८७ पट लहान होते. २६० मीटरला ८७ने भागा. उत्तर येतं जवळपास तीन मीटर, म्हणजे बैठकीची एक भिंत! भिलाईहून मालगाडीवर लादून निघणारा तो अजस्र रूळ या जगात एका भिंतीला पुरतो.

आता गाडीचं माप काढू. लाल रंगाच्या एलएचबी जातीचा प्रवासी डबा सुमारे २४ मीटर लांब असतो. छोट्या जगात तो २७ सेंटिमीटरचा होतो. हावडा–मुंबई मार्गावरून भिलाईतून जाणाऱ्या एखाद्या २४ डब्यांच्या एक्स्प्रेसची नक्कल करायची, तर इंजिन सोडूनच साडेसहा मीटर जागा लागेल. क्वार्टरमध्ये गाडीचं तोंड स्वयंपाकघरात आणि शेपूट गॅलरीत राहील. म्हणून जाणकार पाच-सहा डब्यांवर समाधान मानतात. डोळ्यांना तेवढी गाडी पुरते.

रुळांमधल्या अंतरातही एक मौज आहे. एचओ रुळाची रुंदी १६.५ मिलिमीटर असते. ती युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटर मापाशी जुळते. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे नक्कल १९.२ मिलिमीटरची हवी. हौशी मंडळी सहसा हा पावणेतीन मिलिमीटरचा फरक पोटात घालतात, कारण तयार रूळ आणि चाकं १६.५चीच मिळतात. नॅरोगेजप्रेमींचं नशीब मात्र बलवत्तर. रायपूर–धमतरीच्या छोट्या गाडीचा रूळ ७६२ मिलिमीटरचा होता. त्याला ८७ने भागलं की पावणेनऊ येतात आणि ‘एन’ नावाच्या आणखी लहान प्रमाणाचा तयार रूळ नऊ मिलिमीटरचा असतो. जणू धमतरीसाठीच बनवलेला!

पहिलं काम: भार उचलणं

भार म्हटलं की मोठ्या गाडीचे टन आठवतात. छोट्या गाडीत गोष्ट उलटी आहे. तिथे वजन फार झाल्याने क्वचित बिघडतं, बहुतेकदा ते कमी पडतं.

कारण भूमितीत आहे. वस्तूची लांबी ८७ पट कमी झाली की रुंदी आणि उंचीही तेवढीच कमी होते. वजन वस्तूच्या घनफळावर ठरतं, म्हणून ते ८७ गुणिले ८७ गुणिले ८७, म्हणजे साडेसहा लाख पटींहून अधिक घटतं. चाळीस टनांचा डबा हिशेबाप्रमाणे साठ ग्रॅमचा भरतो. लिंबाएवढं वजन. पण रुळावर पडलेला केसाचा तुकडा, जोडावरची अर्ध्या मिलिमीटरची पायरी किंवा आसातलं घर्षण काही साडेसहा लाख पटींनी कमी होत नाही. परिणामी साठ ग्रॅमचा डबा प्रत्येक खड्याला उडी मारतो.

यावर अमेरिकेतल्या हौशी मंडळींच्या राष्ट्रीय संघटनेने, नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने, एक आडाखा दिला आहे. डब्याला मूळ एक औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस वजन द्यावं. आपल्या २७ सेंटिमीटरच्या डब्याचं वजन त्यानुसार सुमारे १८० ग्रॅम व्हायला हवं, म्हणजे भूमितीच्या हिशेबाच्या तिप्पट. डबा हलका असेल तर आत तळाशी लोखंडी वायसर चिकटवा. वजन खाली आणि मधोमध ठेवा. छताशी ठेवलंत तर वळणावर गाडी कलंडेल, टपावर सामान लादलेल्या जीपसारखी.

आणि पायाभूत गोष्ट म्हणजे रुळाखालची फळी. खऱ्या रुळाखाली स्लीपर, त्याखाली खडी आणि त्याखाली भराव असतो. घरी ही सगळी जबाबदारी प्लायवूडवर येते. पातळ प्लाय मधोमध झोळ खातो आणि रूळ लाटेसारखा वरखाली होतो. प्लायखाली दर ४० सेंटिमीटरवर आडवी पट्टी मारली की हा प्रश्न उरत नाही. प्लाय आणि रूळ यांच्यामध्ये कॉर्कचा किंवा फोमचा पातळ थर द्या. नाहीतर पोकळ फळी तबल्यासारखी घुमते आणि शेजारी विचारायला येतात.

दुसरं काम: वाट दाखवणं

गाडीला स्टिअरिंग नसतं. मग ती वळते कशी? चाकाच्या आतल्या बाजूला कडा असते, ती चाकाला अडवते, असं आपल्याला वाटतं. कडा असते खरी, पण ती शेवटचा पहारेकरी. खरी करामत चाकाच्या आकारात आहे.

घरी करून पाहा. चहाच्या टपरीवरचे कागदी कप असतात ना, त्यांतले दोन घ्या आणि तोंडाला तोंड लावून चिकटवा. मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता असा आकार तयार होईल. आता दोन काठ्या समांतर ठेवून उतार द्या आणि हा जोडकप त्यांवरून सोडा. तो थोडा डगमगेल, पण स्वतःच मध्यावर येत खाली घरंगळेल. मग दुसरे दोन कप बुडाला बूड लावून चिकटवा आणि सोडा. ते एका बाजूला जाऊन पडतील.

कारण सोपं आहे. तोंडाला तोंड लावलेला जोडकप उजवीकडे सरकला की उजव्या काठीवर त्याचा अधिक जाड भाग येतो आणि डावीकडे बारीक भाग. जाड भाग एका फेरीत जास्त अंतर कापतो. त्यामुळे उजवी बाजू पुढे जाते आणि कप डावीकडे वळतो, म्हणजे परत मध्यावर येतो. आगगाडीचं चाकही असंच आतल्या बाजूला किंचित जाड आणि बाहेर निमुळतं असतं. दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली असल्याने ती अशी आपोआप सावरतात. छोट्या गाडीच्या चाकालाही हाच उतार दिलेला असतो.

पण या करामतीला मर्यादा आहे आणि ती आपण वळणावर ओलांडतो. भारतीय रेल्वेत ब्रॉडगेजला १७५ मीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण चालत नाही. छोट्या जगात हे झाले दोन मीटर. म्हणजे खऱ्याशी इमान राखायचं तर एका अर्धवर्तुळालाच चार मीटर रुंदीची खोली हवी! आपल्या खोक्यातल्या वळणाची त्रिज्या बहुधा ४५ सेंटिमीटरच्या आसपास असते. खऱ्या जगात ती होते अवघी चाळीस मीटर. सिविक सेंटरमधल्या एखाद्या चौकात एक्स्प्रेस वळवण्यासारखाच हा प्रकार. आखूड मालडबे अशा वळणावर निभावून जातात. लांब प्रवासी डबे मात्र कोपऱ्याला पोट आत आणि डोकं बाहेर काढतात, एकमेकांना खेचतात आणि उतरतात.

त्यासाठी एक साधा नियम आहे. वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या किमान तिप्पट ठेवा. २७ सेंटिमीटरच्या डब्याला ८० सेंटिमीटर. एवढी जागा नसेल तर डबे आखूड घ्या, हट्ट धरू नका. डावं वळण संपता संपता लगेच उजवं सुरू झालं तरीही डबे उतरतात. दोन्हींच्या मध्ये एका डब्याच्या लांबीचा सरळ तुकडा टाकला की गाडीला सावरायला उसंत मिळते.

चढाचंही तसंच. एका रुळावरून दुसरा रूळ पुलाने न्यायचा तर साधारण नऊ सेंटिमीटर उंची लागते. दर पन्नासला एक असा चढ दिला, तर तिथवर पोचायला साडेचार मीटर आणि उतरायला तेवढेच मीटर लागतील. खंडाळ्याच्या बोरघाटात खऱ्या गाडीचा चढ ३७ला १ इतका तीव्र आहे आणि तिथे गाडीला मागून रेटायला जादा इंजिनं जोडतात. तुमच्याकडे जादा इंजिन नसेल तर ५०ला १च्या पुढे जाऊ नका.

तिसरं काम: वीज पोचवणं

आता फ्रिजपाशी दमलेल्या गाडीकडे परत येऊ.

साध्या मांडणीत एक रूळ धन आणि दुसरा ऋण असतो. दोन्हींमध्ये शून्य ते बारा व्होल्टचा दाब असतो. एका बाजूची चाकं वीज उचलतात, ती इंजिनातल्या मोटरमधून जाते आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांवाटे परत रुळात उतरते. दाब वाढवला की वेग वाढतो, तारा उलट केल्या की गाडी उलट धावते. म्हणजे रूळ ही एक उघडी तार आहे.

आणि तार म्हणून ती फार चांगली नाही. चांगल्या प्रतीचा छोटा रूळ निकेल सिल्व्हरचा असतो. जुन्या घरांत जर्मन सिल्व्हरची भांडी असायची, तोच हा धातू. नावात चांदी आहे, अंगात नाही. तांबं, निकेल आणि जस्त यांचं ते मिश्रण. गंजत नाही म्हणून रुळाला उत्तम, पण विजेला त्याचा अडथळा तांब्याच्या दहा पटींहून अधिक.

त्यात भर जोडांची. दोन रूळ ज्या पत्र्याच्या खोबणीत अडकवतो, ती चार वेळा काढून घातली की सैल होते. तिच्यात धूळ आणि तेल साचतं. समजा, प्रत्येक जोड दशांश एक व्होल्ट खातो. लवचीक रुळाचा तुकडा ९१ सेंटिमीटरचा येतो. दहा मीटरला दोन्ही बाजू मिळून वीस-बावीस जोड झाले. म्हणजे बारापैकी दोन व्होल्ट वाटेतच गडप! मळकट जोड असतील तर आणखी.

वसाहतीतला नळ आठवा. टाकीजवळच्या क्वार्टरमध्ये धार जोरात आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये करंगळीएवढी. टाकीत पाणी कमी नसतं, वाटेतली नळी बारीक असते आणि प्रत्येक सांध्याला दाब घटतो. फ्रिजजवळचा रूळ म्हणजे ते शेवटचं क्वार्टर.

उपायही नळासारखाच. मोठ्या व्यासाची मुख्य नळी टाकायची आणि तिच्यातून घरोघर छोटी जोडणी द्यायची. फळीखालून तांब्याच्या जाड तारांची जोडी लेआउटभर फिरवा. दर मीटर-दीड मीटरला तिच्यातून दोन बारीक तारा वर आणून रुळाच्या बाहेरच्या बाजूला झाळून टाका. वीज आता रुळातून दहा मीटर चालत नाही. जाड तांब्यातून आरामात येते आणि रुळात फक्त शेवटचा हातभर प्रवास करते.

हाच दोष आहे ना, हे तपासायची साधी युक्ती सांगतो. गाडी दमते तिथे वीज देणाऱ्या डब्यापासून दोन लांब तारा थेट आणून रुळांना टेकवा. गाडीने वेग घेतला तर निदान पक्कं. नाही घेतला तर चाकं आणि रूळ पुसून घ्या. सुती फडक्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलं की काळा मळ निघतो. वाळूकागद मात्र वापरू नका. त्याचे ओरखडे पुढच्या मळाला घर करून देतात.

तारांचे रंग पाळा. लाल नेहमी एकाच बाजूच्या रुळाला, काळी दुसऱ्या. फळीखाली आडवं पडून, तोंडात टॉर्च धरून काम करताना एक तार चुकली तरी दोन्ही रूळ एकमेकांना भिडतात आणि सगळं बंद पडतं.

वळसा घालून आलेलं संकट

कधी कधी तारा अचूक असतात, तरी शॉर्ट सर्किट होतं. बहुधा हा दोष आखणीत असतो.

एका काठाला लाल आणि दुसऱ्याला काळा रंग असलेलं उपरणं जमिनीवर पसरा. ते सरळ नेत पुढे गोल फिरवा आणि त्याचं टोक परत आलेल्या वाटेला जोडा, पाण्याच्या थेंबासारखा आकार होईल असं. घडी न घालता, न उलटवता. जोडाशी पाहा, लाल काठ काळ्याला भिडलेला दिसेल. गाडी तोंड फिरवून परत यावी म्हणून आपण असाच थेंबाकार फाटा टाकतो आणि धन रूळ ऋणाला जाऊन मिळतो.

वळसा टाकायला हरकत नाही. त्याच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ बारीक करवतीने कापून प्लास्टिकचे जोड घाला. आता तो भाग विजेच्या दृष्टीने बेट झाला. त्या बेटाला स्वतंत्र तारा द्या आणि बाकीच्या रुळाच्या तारांमध्ये उलट-सुलट करणारं बटण बसवा. गाडी बेटावर पूर्ण शिरली की बटण फिरवायचं. त्यामुळे बेट तुमच्या सर्वांत लांब गाडीपेक्षा लांब हवं.

चौथं काम: निरोप सांगणं

मुलाकडे दुसरं इंजिन आलं की नवा पेच पडतो. दोन्ही एकाच रुळावर ठेवली तर दोन्ही एकदमच धावतात आणि एकदमच थांबतात. वीज एकच, मग एकाला थांब आणि दुसऱ्याला चल कसं म्हणायचं?

जुना उपाय म्हणजे लेआउटचे तुकडे पाडणं. प्रत्येक तुकड्याला वेगळं बटण. गाडी पुढे सरकेल तशी बटणं दाबत राहायची. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९४६ साली सुरू झालेल्या टेक मॉडेल रेलरोड क्लबमध्ये विद्यार्थ्यांनी टेलिफोनचे रिले, म्हणजे विजेने चालणारी बटणं, वापरून असंच एक प्रचंड जाळं उभारलं होतं. फळीखालच्या तारांत रमलेली त्यांतली काही मुलं पुढे संगणकाकडे वळली आणि आज आपण वापरतो तो ‘हॅकर’ हा शब्द त्याच मंडळींच्या बोलीतून रुजला.

नवा उपाय म्हणजे डीसीसी, अंकीय हुकमाची पद्धत. लेन्झ या जर्मन कंपनीच्या तंत्रावरून नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९०च्या दशकात तिचं समान मानक ठरवलं. त्यामुळे एका कंपनीचं इंजिन दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालतं. इथे रुळात वीज कायम पूर्ण दाबाने असते, मात्र ती सतत दिशा बदलते. दिशा बदलण्याआधी ५८ मायक्रोसेकंद थांबली तर तो ‘एक’. शंभर किंवा अधिक मायक्रोसेकंद थांबली तर तो ‘शून्य’. एक आणि शून्य यांच्या माळेतून संदेश तयार होतो: “इंजिन क्रमांक तीन, वेग वाढव.”

दुर्ग स्टेशनवरची घोषणा आठवा. भोंगा साऱ्या फलाटाला ऐकू जातो, पण ‘गाडी क्रमांक अमुक’ ऐकून ज्याची गाडी तोच बॅग उचलतो. प्रत्येक इंजिनात बसवलेली चिप, डिकोडर, सगळे निरोप ऐकते आणि फक्त आपल्या क्रमांकाचा निरोप पाळते.

खरे रूळही मुके नसतात. विजेवरच्या इंजिनाने वरच्या तारेतून घेतलेली वीज रुळांवाटेच परत जाते. शिवाय ट्रॅक सर्किट नावाच्या व्यवस्थेत दोन रुळांमध्ये मंद वीज खेळती ठेवतात. गाडी आली की तिचे लोखंडी आस दोन्ही रूळ जोडतात, पलीकडचा रिले पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. म्हणजे भिलाईतून निघालेला रूळसुद्धा अखेर हीच चार कामं करतो.

मे महिना आणि फळी

डिसेंबरात रूळ घट्ट भिडवून बसवला, तो मे महिन्यात सापासारखा वळवळला, हा अनुभव अनेकांचा. धातू तापला की लांबतो. २६० मीटरचा पोलादी रूळ सुटा ठेवला आणि तापमान ४० अंशांनी वाढलं, तर तो सुमारे १२ सेंटिमीटर लांबेल. रेल्वे त्याला स्लीपर आणि खडी यांच्या पकडीत जखडून ठेवते. घरी दहा मीटर निकेल सिल्व्हर ३० अंशांच्या फरकाने पाचेक मिलिमीटर लांबतं आणि पावसाळ्यात खालचं लाकूड फुगतं ते वेगळंच. म्हणून प्रत्येक जोड झाळू नका. दर दोन-तीन तुकड्यांनंतर व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट सोडा. वीज फळीखालच्या तारेतून येत असल्याने फटीची काळजी उरत नाही.

वाढवायचं, पण तुकड्यांनी

लेआउट वाढवता येणं ही या खेळाची नंतर सुचलेली सोय नव्हे. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत जर्मनीच्या मेर्क्लिन कंपनीने ठरावीक मापाचे, हवे तितके जोडत नेता येतील असे रूळ आणि चावीची गाडी मांडली, तिथूनच हा छंद घडत गेला. खोका लहान, पुढच्या वाढदिवसाला आणखी रूळ. धंदा आणि हौस दोघांचंही भलं.

तरीही एकदम आठ बाय चारची प्लायवूडची अख्खी फळी भिंतीला टेकवून ठेवू नका. माणसाचा हात पाऊण मीटरपर्यंत आरामात पोचतो. चार फुटांच्या फळीच्या पलीकडच्या कडेला गाडी घसरली तर तुम्ही अलीकडची झाडं आणि सिग्नल मोडून तिथे पोचाल. त्यापेक्षा भिंतीलगत फूट-दीड फूट रुंदीची पट्टी करा आणि ती हातभर रुंदीच्या, सुट्या चौकटींमध्ये बांधा. दोन चौकटी बोल्टने जोडायच्या, तारा प्लगने. जोडाशी रूळ सरळ आणि कडेला काटकोनात ठेवा, वळण किंवा रूळ बदलणारा सांधा तिथे नको. बदली झाली, घर बदललं, तरी चौकटी सुट्या करून टेम्पोत चढतात. पुढचा विस्तार म्हणजे आणखी एक चौकट.

आधी कागद कापून जमिनीवर आखणी मांडा आणि आठवडाभर त्यातून ये-जा करा. जिथे पाय अडेल तिथे रूळ नको.

पुण्याला जाणं झालं तर कोथरूडमध्ये संगम प्रेसजवळ भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं लघुरेल्वे संग्रहालय जरूर पाहा. १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुलं झालं. डोंगर, बोगदे, पूल आणि रस्ते यांतून तिथे गाड्या फिरतात. मुलं गाड्या पाहतील, तुम्ही रूळ पाहा. वळणं केवढी मोठी आहेत, चढ किती लांबून सुरू होतो, दोन वळणांमध्ये सरळ तुकडा आहे का.

थोडक्यात

- रुळाची चार कामं: भार, वाट, वीज, निरोप. विस्तार करताना चारही तपासा.
- भार: २७ सेंटिमीटरच्या डब्याचं वजन सुमारे १८० ग्रॅम. वजन तळाशी.
- वाट: त्रिज्या डब्याच्या तिप्पट, चढ ५०ला १पर्यंत, उलट वळणांमध्ये एका डब्याएवढा सरळ तुकडा.
- वीज: फळीखालून जाड तांब्याची तार, दर मीटर-दीड मीटरला जोडणी. थेंबाकार वळसा दोन्ही टोकांना तोडलेला.
- निरोप: एकाहून अधिक इंजिनं असतील तर डीसीसी.
- ऋतू: दर दोन-तीन तुकड्यांनी कार्डाएवढी फट.

तेव्हा लेकाने पुढचा हट्ट गॅलरीपर्यंत जायचा धरला, तर आधी हार्डवेअरच्या दुकानात जा. लाल आणि काळी, दहा-दहा मीटर तांब्याची तार घ्या. नवे रूळ त्यानंतर.